लूम बंद पडले तेव्हाचं आमेन

पाळकाचं काम नेमकं काय असतं, असं कुणी विचारलं की मी मयतापासून सुरुवात करतो. प्रवचन सगळ्यांना दिसतं, पण ते आठवड्यातून तासभर. बाकीचं काम म्हणजे पेटी करणारा सुतार गाठायचा, दफनाचा कागद करून आणायचा, खड्डा पुरेसा खोल गेला का ते वाकून बघायचं आणि रडणाऱ्या माणसाशेजारी काही न बोलता बसायचं. केव्हा बोलायचं नाही, हे या कामात लवकर शिकावं लागतं. मी ते जरा जास्तच चांगलं शिकलो. ही हकिगत त्याचीच आहे.

मी मूळचा नगरकडचा. भिवंडीत येऊन चोवीस वर्षं झाली. कामतघरला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, एका कारखान्यावर आमच्या मंडळीची खोली आहे. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. आमच्यात इमारतीला नव्हे, माणसांना चर्च मानतात, आणि स्वतःची इमारत नसली की हे मानणं सोपंही जातं. नगर-जालन्याकडून आलेली काही जुनी ख्रिस्ती कुटुंबं, कोन गावाकडची दोन-चार घरं, कशेळीच्या गोदामांत काम करणारे काही हिंदी बोलणारे भाऊ, अशी चाळीस-पन्नास माणसं. गाणी निम्मी मराठी, निम्मी हिंदी. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी. रविवारी खाली खटखट चालूच असते, त्यामुळे मी प्रवचन ओरडून करतो. ती सवय इतकी अंगवळणी पडली आहे की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस म्हणतो, "पाळकसाहेब, मी इथंच बसलोय, शहापूरला नाही."

आमच्याकडे गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं येतं. खालच्या कारखान्यातले इसरारभाई एकदा हिवाळ्यात वर आले. "पास्टरजी, जरा दुआ कर दो. तार बहुत टूट रहा है." मी लूमपाशी उभा राहून प्रार्थना केली आणि हवा कोरडी आहे, जमिनीवर पाणी मारा, असंही सांगितलं. धागे तुटायचे थांबले. श्रेय सगळं प्रार्थनेला मिळालं. दुसरे एक गृहस्थ दरवर्षी मुलाचं हॉलतिकीट घेऊन यायचे. घरी गणपती बसवणारे, आमच्या मंडळीशी काही संबंध नाही. म्हणायचे, "सगळ्या खिडक्यांवर अर्ज टाकलेला बरा, साहेब." मी त्यांच्याही मुलासाठी प्रार्थना केली. तो दोनदा नापास झाला, तरी ते यायचे थांबले नाहीत.

हे हसत सांगतोय, पण या कामात भीती पहिल्या दिवसापासून असते. एका रविवारी चार अनोळखी तरुण जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. "इथं काय चालतं? कुणाला बाटवता काय?" मी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला. एक गाणं ऐकून ते निघून गेले. झालं काहीच नाही. पण त्या दिवसापासून आम्ही रस्त्याकडची खिडकी लावून बसायला लागलो. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की माझं अर्धं लक्ष वचनावरून उडायचं. विश्वासाचं रक्षण करा, असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलं आहे. त्याचा अर्थ त्या जिन्यावर नजर ठेवणं, अशी माझी समजूत होती.

ब्रदर जयवंत त्याच जिन्याने आले. चपला बाहेर काढून, हातात फळांची पिशवी घेऊन, म्हाताऱ्या माणसांसमोर वाकून. आमच्यातल्याच एका कुटुंबाने त्यांना बोलावलं होतं. बोलणं गोड, शास्त्र तोंडपाठ, आणि आवाज असा की लूमच्या खटखटीतही ओरडावं लागत नसे. त्यांनी दोन-तीनदा संदेश दिला आणि मग ते दर रविवारी यायला लागले. दोन महिन्यांत आमची खोली भरली. माणसं जिन्यावर बसायला लागली. इतक्या वर्षांत माझ्याने जे झालं नाही ते झालं. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला.

ते म्हणायचे, तारण, म्हणजे पापातून सुटका, पुष्कळांना मिळतं, पण पूर्ण विश्वास थोड्यांचाच असतो. ज्याचा पूर्ण विश्वास आहे त्याच्या घरात औषधाची बाटली कशाला? गोळी ही अविश्वासाची पावती आहे. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी खाली बघितलं. मला साखरेचा आजार आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो. पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात असायचं आणि पातळ कापडातून दिसायचं. पुढच्या रविवारपासून मी ते पँटच्या खिशात ठेवायला लागलो. एवढंच केलं. चूक आहे हे कळत असताना मी खिसा बदलला.

आमच्या उपासनेत साक्ष देण्याची रीत आहे. देवाने आपल्यासाठी काय केलं ते कुणीही उभं राहून सांगतं. सांगून झालं की पाळकाने आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच असो. बोलायला छोटा शब्द, पण आमच्या माणसांच्या मनात तो शिक्का आहे. पाळकाने आमेन म्हटलं म्हणजे गोष्ट खरी ठरली.

मालनताई कोनकडची. कामतघरमध्ये भाड्याने राहायची आणि आमच्याच गल्लीत एका कारखान्यात कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. छातीत सुताचा कचरा जाणारं काम. तिला टीबी झाला होता. सरकारी गोळ्या चालू होत्या, तिसरा महिना होता, अंगावर जरा मांस दिसायला लागलं होतं. त्या रविवारी ती उभी राहिली. म्हणाली, "ब्रदरांनी डोक्यावर हात ठेवला आणि माझा खोकला गेला. मी बरी हाय. आता गोळ्या बंद केल्यान. मना आता प्रभू पुरे हाय."

तेवढ्यात वीज गेली.

खालचे लूम एकदम थांबले. ज्यांनी भिवंडीत वर्षं काढली नाहीत त्यांना ती शांतता सांगून कळायची नाही. कान बधिर झाल्यासारखे होतात. पंखा फिरत फिरत थांबला. सगळे चेहरे माझ्याकडे वळले. ब्रदर जयवंतही माझ्याकडे बघत होते, मंद हसत. माझ्याकडे वाक्य होतं. "ताई, देवाचे आभार, पण गोळ्या चालू ठेव." इतकंच. पण खोली भरलेली होती, ती रिकामी होईल याची भीती होती, आणि माझ्या उजव्या खिशात माझंच पाकीट होतं.

मी "आमेन" म्हणालो. लूम चालू असते तर ते पुढच्या दोन रांगांपलीकडे गेलं नसतं. सवयीने ओरडून म्हणालो, त्यामुळे जिन्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

दहा-बारा दिवसांनी शबानाताई आल्या. त्या आमच्या वस्तीत टीबीच्या रोग्यांवर लक्ष ठेवायचं सरकारी काम करत. मी खोली झाडत होतो.

"पास्टर आप ही हो ना? मालनबाई आपकी है?"

"आमच्या मंडळीची आहे."

"तो समझाओ उसको. गोळी सोडली तिने. खोकला थांबला म्हणजे रोग गेला असं वाटतं सगळ्यांना. जंतू मरत नाहीत हो, दबून बसतात. परत उठले की त्यांना ही गोळी लागत नाही. मग मोठी ट्रीटमेंट. तीसुद्धा लागली तर लागली." त्यांनी पिशवीतून वही काढली. "बोलते, पास्टरने आमेन बोला. खरं आहे का?"

मी काय विचारलं, ते लिहायची आजही लाज वाटते. मी विचारलं, "तुम्ही वहीत काय लिहिलंय?"

शबानाताईंनी वही मिटली. "अजून कुछ नहीं लिखा. पास्टरजी, मी पण पाच टाइम नमाज पढते. गोळ्या पण वाटते. माझ्याकडे दोघांचं कधी भांडण झालं नाही."

त्या गेल्यावर मी मालनताईच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी गोळ्यांचा विषय काढला, तर तिने सरळ विचारलं, "तुम्ही आमेन म्हणालात का न्हाय?"

"म्हणालो. पण ताई..."

"मंग? आता गोळी घेतली तं मी आजारी हाय असं कबूल केल्यासारखं होईल. म्हणजे माझा इस्वास कच्चा. म्हणजे ब्रदर म्हणतान ते तारण माझं न्हायच." तिचे डोळे भरले. "सांगा ना पास्टर. माझं तारण त्या गोळीवर हाय का?"

इतका स्वच्छ प्रश्न मला या नोकरीत दुसऱ्या कुणी विचारलेला नाही. उत्तर मला येत होतं. पण ते दिलं असतं तर माझं आमेन खोटं पडलं असतं. मी भिंतीकडे बघून म्हणालो, "प्रभू मार्ग दाखवील." मग प्रार्थना केली आणि निघालो.

आमच्या पंचांपैकी आल्फ्रेडकाकांना मी हे सांगितलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे वडीलधारे. काका लूम दुरुस्त करण्यात उभं आयुष्य घालवलेले, कोरडं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं बरोबर आहे. पण बोललात तर मंडळी फुटेल. आणि बाहेर कळलं की ख्रिस्ती लोक बायकांची औषधं बंद करतात, तर हा जिना उतरायला वेळ मिळणार नाही. खोलीचा मालक आधीच कां-कूं करतोय. जरा दमाने घ्या. ब्रदर काय कायमचे राहत नाहीत."

काकांना दोष देत नाही. माझ्या मनातलंच त्यांनी मोठ्याने म्हटलं होतं. मी दमाने घेतलं. सात रविवार घेतलं. मधल्या काळात शबानाताई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्या वर आल्याच नाहीत, खालूनच माझ्याकडे बघून गेल्या. त्या सातही रविवारी मालनताई पुढच्या रांगेत बसायची. सहाव्या रविवारी ती गाणं मध्येच सोडून खोकली आणि पदर तोंडात कोंबला. ब्रदर म्हणाले, सैतान परीक्षा घेतो आहे. मी माझं वचन शोधत पानं उलटत राहिलो.

मग एका गुरुवारी दुपारी काम करता करता तिला रक्त पडलं. कांडीवरच्या पांढऱ्या सुतावर. बाजूच्या बायकांनी आरडाओरडा केला, शबानाताईंना बोलावलं. मालनताई दवाखान्यात जायला तयार होईना. मला शनिवारी सकाळी कळलं. मी गेलो तेव्हा दारात तिचा नवरा गणपत उभा होता. टेम्पो चालवायचा. आमच्याकडे कधी आला नव्हता, बायकोला अडवतही नव्हता.

"या, पास्टर," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मना तुमच्या देवाचं काय न्हाय. चांगला असंल. पण ही मेली ना, तं हिला मी तुमच्या जिन्यावर आणून ठेवीन. मंग तुम्हीच सांगा सगळ्यांना, कशी मेली ती."

मी घाबरलो हे खरं आहे. तो आणखी काही करेल म्हणून नव्हे. तो जे म्हणाला ते मी रोज पहाटे डोळ्यांसमोर बघत होतो.

आत मालनताई भिंतीला टेकून बसली होती. इतकी बारीक झाली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दवाखान्यात चल म्हटलं, तर तिने नकाराची मान हलवली. मी खिशातून पाकीट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय?"

"साखरेच्या गोळ्या. सहा वर्षं घेतोय."

ती पाकिटाकडे बघत राहिली. "त्या रविवारी पन?"

"त्या रविवारी पण. खिशात होत्या."

तिने पाकीट जवळ ओढलं. मग दम खात म्हणाली, "मंग माझ्याच तारणाला गोळी आडवी येत होती काय? तुमच्या तारणाला न्हाय?"

"कुणाच्याच नाही येत."

"तं मंग खोटं कशाला बोललात?"

"घाबरलो."

"कोणाला?"

तिने शेजारचा तांब्या माझ्याकडे ढकलला. "घ्या. माझ्यादेखत घ्या." मी गोळी घेतली. तिने तांब्या परत ओढून घेतला. "उद्या सगळ्यांसमोर सांगा. आमेन सगळ्यांसमोर बोललाव ना? मंग मी घेईन. इथं कानात सांगून न्हाय चालायचं."

दारातून गणपत म्हणाला, "आयकलं ना, पास्टर?"

त्या रविवारसाठी मी सामाईक तारणावर प्रवचन लिहून ठेवलं होतं. गरीब-श्रीमंत, मराठी-हिंदी, जुने ख्रिस्ती-नवे ख्रिस्ती, सगळ्यांचं तारण एकच, अशा अर्थाचं. चांगलं लिहिलं होतं, कुणालाही न बोचणारं. सकाळी मी ते घडी करून शास्त्रात ठेवलं आणि बाहेर काढलंच नाही.

खोली भरलेली होती. मालनताई दाराजवळ बसली होती, तोंडाला पदर बांधून, आणि तिच्यामागे, जिन्याच्या वरच्या पायरीवर, गणपत. यावेळी वीज गेली नाही. लूम चालू होते. कबुली हळू आवाजात द्यावी असं वाटतं, पण मला ती ओरडून द्यावी लागली.

मी म्हणालो, "मालनताईंच्या साक्षीला मी जे आमेन म्हटलं ते खोटं होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या खिशात औषध होतं आणि आजही आहे." पाकीट वर धरलं. "तारणात वरचा मजला आणि खालचा मजला नाही. ख्रिस्ताने ते एकदाच सगळ्यांसाठी मिळवलं. जो औषध घेतो त्याचं तारण आणि जो बरा झाला त्याचं तारण एकच आहे. यापेक्षा वेगळं जे या खोलीत शिकवलं गेलं ते चूक आहे, आणि ते शिकवू दिलं हा माझा अपराध आहे."

ब्रदर जयवंत उठले. रागावले नव्हते. "पाळकसाहेब, तुमच्या अविश्वासाचं ओझं या भोळ्या लोकांवर का टाकता?"

आल्फ्रेडकाका शेवटच्या रांगेतून म्हणाले, "ब्रदर, पाळकांचं बोलणं पुरं होऊ द्या. आमच्याकडे ती पद्धत आहे." काकांचा आवाज मी उपासनेत असा कधी ऐकला नव्हता. ते पुढे आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले. मला म्हणाले, "बोला. फुटायची ती आता फुटलीच."

फुटलीच. प्रार्थना संपायच्या आत निम्म्याहून जास्त माणसं ब्रदरांच्या मागे जिना उतरून गेली. त्यात मी ज्यांची लग्नं लावली होती असे दोन संसार होते. एक बाई जाताना माझ्या तोंडावर म्हणाली, "आम्ही तुम्हाला मेंढपाळ समजत होतो." ते गेल्यावर खोलीत चटया तेवढ्या उरल्यासारख्या वाटल्या. मालनताई उठली आणि गणपतच्या खांद्याला धरून खाली उतरली. त्याच दुपारी तो तिला टेम्पोत घालून दवाखान्यात घेऊन गेला.

शबानाताई पुढच्या आठवड्यात आल्या आणि आमच्या उरलेल्या सगळ्यांना थुंकी तपासायच्या डब्या वाटल्या. प्रभुभोजनाच्या विधीची भाकर आणि प्याले ठेवायच्या टेबलावर त्या डब्यांची रांग लागली. आणखी कुणाला लागण झाली नव्हती. मंडळी फुटल्याची बातमी बाहेर गेली. ज्यांची भीती होती ते चार तरुणही एकदा चौकशीला आले. मी त्यांना जे झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. ते ऐकून निघून गेले. मी घाबरलो नव्हतो असं नाही. दार लावल्यावर खाली बसलो.

मालनताईला आधीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. शबानाताई म्हणाल्या होत्या तसंच झालं. मोठी ट्रीटमेंट चालू झाली, जवळजवळ दोन वर्षांची. त्या काळी त्यात रोजची इंजेक्शनं असत. त्या इंजेक्शनांनी काहींचे कान जातात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पहिल्यांदा तिला कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग दारावरची थाप, मग गणपतचा आवाज. रोग गेला. कानही गेले. मी दर आठवड्याला तिच्याकडे जात होतो आणि तिच्यापासून एकेक आवाज जाताना बघत होतो. तिने मला कधी बोल लावला नाही. गणपतने एकदाच लावला. म्हणाला, "सात रविवार, पास्टर. मी मोजलेत." मी मोजलेलेही तितकेच होते.

आता आम्ही तीस जण असू. ती पुढच्या रांगेत बसते. गाणं चालू असताना बाकीच्यांचे ओठ बघून गाते, आणि सगळे थांबले तरी एक ओळ पुढे जाते. कुणी हसत नाही. उपासना संपली की ती माझी बाही धरते आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "पास्टर, आज काय सांगितलाव?"

मग मला सगळं प्रवचन तिच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश, ओठ नीट हलवून सांगावं लागतं. दहा वाक्यांत. व्यासपीठावरून जे सहज म्हणून जातो त्यातलं पुष्कळसं तिच्यासमोर म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात मी आजार बरे होण्याच्या वचनावर बोललो. इतकी वर्षं तो विषय टाळला होता. संपल्यावर तिने बाही धरली. मी सांगितलं, देव दयाळू आहे, तो आपल्याला सोडत नाही, औषध हीही त्याचीच देणगी आहे.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "अजून कायतरी होतं. तुमचं तोंड लय वेळ हलत होतं."

होतं. मी ते गाळलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पण तिच्यासमोर म्हणायची भीती वाटली होती. मागे माणसं चटया गुंडाळत उभी होती.

"देव काहींना बरं का करतो आणि काहींना अर्धंच का करतो," मी सावकाश म्हणालो, "ते मला ठाऊक नाही."

तिने माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग बाही सोडली.

"हां," ती म्हणाली. "हे कळलं."